मधुमालतीची आणेवारी

२१ फेब्रुवारी १९८३, लातूर

केवळा आज सकाळच्या गाडीने नांदेडला गेली. शकूचं पहिलं बाळंतपण आहे. खरं तर लेकीने माहेरी यायचं, पण चार-चार दिवस टँकरचं तोंड दिसत नाही त्या घरात बाळंतिणीला कोणत्या तोंडाने आणणार? म्हणून यंदा माहेरच उठून लेकीकडे गेलं.

घरात आता मी एकटा. रिटायर गिरदावर, म्हणजे तलाठ्यांच्या वरचा महसुली माणूस, प्रकृती ठणठणीत. "माझी काळजी करू नको, मला एकटं राहायची सवय आहे," असं मी तिला स्टँडवर सांगितलं.  मग डाळ कुठे, तिखट कुठे हे काहीच न सांगता गाडी सुटेपर्यंत वेलाबद्दल बोलली. दारातल्या मधुमालतीला अंघोळीचं पाणी घालायचं, साबणाचं नाही. उन्हं उतरल्यावर घालायचं. आणि बाकी हात लावायचा नाही. "तुमचा हात कागदावर चालतोय, झाडावर न्हाई." चारचौघांत असं बोलली.

वेलावर तिचा जीव आहे हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं माझ्या बदल्या झाल्या. अहमदपूर, लोहा, निलंगा, शेवटी रेणापूर. हुकूम आला की मी घरी येऊन सांगायचो आणि केवळा सामान बांधायला घ्यायची. सगळी भाड्याची घरं, त्यामुळे तिचा मोगरा कायम डालड्याच्या डब्यात. दोन वर्षांपूर्वी मी इथे गावाबाहेर दोन खोल्या बांधल्या, तेव्हा तिने पहिल्यांदा जमिनीत झाड लावलं. गेल्या पावसाळ्यात वेल छपरापर्यंत गेला आणि फुलला. संध्याकाळी फूल पांढरं, सकाळी गुलाबी आणि दुसऱ्या दिवशी लाल. वासाने शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहायचे.

परत कधी येणार ते मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "सव्वा महिना तर राहावंच लागंल. मग बघू." या "मग बघू"चा अर्थ काय, यावर दुपारभर विचार केला आणि झोप लागली.

२३ फेब्रुवारी

आज टँकर आला. आयुष्यात पहिल्यांदा घागर घेऊन रांगेत उभा राहिलो. शेजारची सरजाबाई माझ्या पुढे होती. तिचा नवरा रेणापूरकडे शेतावर असतो आणि ही पोरांच्या शाळेसाठी इथे. तोंडाने फटकळ, पण बाई कामाची. माझी घागर उलटी धरलेली बघून म्हणाली, "गिरदावरसाहेब, पाणी वरून पडतंय, खालून न्हाई." सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, दुसरं करणार काय?

अंघोळीचं पाणी मोरीतून उचलून वेलापर्यंत नेण्यात अर्धं सांडतं. म्हणून एक युक्ती काढली. वेलाच्या बुडाशीच एक सपाट दगड टाकला आणि पट्ट्यापट्ट्याची चड्डी घालून तिथेच बसून अंघोळ केली. एक थेंब वाया गेला नाही. लातूर जिल्हा झाल्यापासून आमच्या रस्त्याने कचेरीचे लोक सायकलींवरून जातात. त्यातल्या दोघांनी मला ओळखून नमस्कार केला. मीही तांब्या खाली ठेवून केला.

१ मार्च

वेलाची काही पानं पिवळी पडली. घाबरण्याचं कारण नाही, पण अंदाज हवा म्हणून रीतसर आणेवारी काढली. तीस वर्षं पिकांची काढली, मग एका वेलाची काढायला काय जातं? सोळा आणे म्हणजे पीक भरघोस, सहा आण्यांच्या खाली गेलं की दुष्काळ. शेतात एक नमुन्याचा तुकडा मोजून घेतात, त्यातलं पीक बघतात आणि त्यावरून सगळ्या शिवाराचं ठरतं. मी खिडकीच्या डाव्या अंगाचा वीतभर तुकडा नमुना म्हणून धरला. बारा आणे निघाले. समाधानकारक.

एक गोष्ट नमूद करतो. टँकर तीन दिवस आलेला नाही, मी दोन दिवस अंघोळ केलेली नाही, तरी सकाळी वेलाचं बूड ओलं होतं. आमच्या काळ्या मातीत ओल धरून ठेवण्याचा गुण आहे, हे मी पूर्वी अहवालातही लिहिलं होतं. साहेबांना पटलं नव्हतं.

१० मार्च

नात झाली! काल दुपारी. मलप्पा आज सांगत आला. हा लातूर-नांदेड गाडीवरचा कंडक्टर, मागच्या गल्लीत राहतो. मूळ निलंग्याच्या पलीकडचा, त्यामुळे बोलताना मधेच कानडी येतं. दारातूनच ओरडला, "साहेब, पोरगी झाली! हौद्री, खरंच, लई गोरी हाय!" त्याच्या हातून केवळाने पेढे पाठवले आणि शेंगदाण्याची चटणीही. मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. सरजाबाईने दोन घेतले, एक पोरांसाठी म्हणून, पण दोन्ही तिथेच खाल्ले.

मलप्पा म्हणाला, "उलट निरोप काय देऊ?"

"सांग, वेल ठीक आहे. काळजी नसावी."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याने टोपी सरळ केली आणि गेला. नातीचं नाक कोणासारखं आहे हे विचारायचं राहून गेलं.

१७ मार्च

आजचा निरोप बरा नव्हता. जावई नरसिंगराव पाटबंधाऱ्यात आहेत. माणूस भला, पण योजना फार आखतात. त्यांचं म्हणणं असं की नांदेडला रोज नळ येतो, घर मोठं आहे, तर मामा-मामींनी आता इकडेच राहायला यावं. लातूरचं घर देऊन टाकावं. जिल्हा झाल्यामुळे आता गिऱ्हाइकांची कमी नाही.

जावयाच्या दारात राहायचं? पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीला स्वतः चुना लावला, ते घर देऊन? मी मलप्पाला म्हणालो, "केवळा काय म्हणाली ते सांग."

मलप्पाने घसा साफ केला. निरोप देताना तो नेहमी तिकिटं विचारल्यासारखा ताठ उभा राहतो. "बाईसाहेब म्हणाल्या, वेलाला फूल आलं की सांगा, मी येते. न्हाई आलं तर मग तुम्हीच इकडं या. आपुन नांदेडलाच राहू."

म्हणजे सगळं वेलावर आलं. संध्याकाळी आणेवारी काढली. खिडकीच्या डाव्या अंगाला सहा आणे, तेही हात सैल सोडून.

२६ मार्च

पानं जवळजवळ सगळी गळाली. ऊन असं की दगडावर अंघोळीला बसताना आधी दगडालाच अंघोळ घालावी लागते. सरजाबाई चार दिवस झाले शेतावर गेली आहे. ती गेल्यापासून वेलाच्या बुडाशी सकाळची ओल दिसत नाही. मातीचा गुणही उन्हापुढे टिकला नाही.

आज पंचांसमक्ष अंतिम आणेवारी झाली. पंच म्हणजे मलप्पा एकटाच, दुसरा मिळाला नाही. डाव्या अंगाच्या तुकड्यावर एकही पान नव्हतं. मी निकाल दिला: बुडीत.

मलप्पा म्हणाला, "जरा दम धरा की साहेब." पण बुडीत पिकाला पाणी घालू नये, हे मीच गावोगाव सांगत आलो. आणि खरं लिहायचं तर दारातला तो काड्यांचा सापळा सकाळी चहा पिताना बघवत नव्हता. बघितलं की स्टँडवरची केवळा आठवायची. म्हणून विळा घेतला आणि गुडघ्याएवढा ठेवून सगळा कापून टाकला. काड्या ओढून सरजाबाईच्या चुलीजवळ टाकल्या.

२७ मार्च

सकाळी कापलेल्या खोडाकडे सहज बघितलं. आतून हिरवं आहे. नख लावलं, नख ओलं झालं.

मग ओढून टाकलेल्या काड्या जाऊन बघितल्या. उजव्या अंगाच्या, सावलीकडच्या काड्यांवर बारीक हिरवे डोळे फुटलेले होते. मी तिकडे बघितलंच नव्हतं. तीस वर्षं गावकरी मला शिवारातल्या सगळ्यात वाईट तुकड्यावरच नेत आले, म्हणजे आणेवारी कमी लागावी आणि सारा माफ व्हावा. माझ्या पायांना तीच सवय लागली. माझ्या स्वतःच्या दारात मी स्वतःलाच वाईट तुकड्यावर घेऊन गेलो आणि स्वतःच फसलो.

आज जेवलो नाही.

३० मार्च

सरजाबाई परत आली. चुलीजवळचा ढीग बघून तिने जो आवाज काढला, तो तहसीलपर्यंत गेला असेल. "आवो, काय केलंत हे! केवळावैनी तुमास्नी घरात घेतील का?" मी म्हणालो, "तिला कळलं तर ना." सरजाबाईने माझ्याकडे बघितलं, मग लुगड्याचा पदर तोंडाला लावून घरात गेली. बहुतेक रडायला.

मलप्पाला मी सांगितलं, "निरोप दे, वेल जोरात आहे." तो म्हणाला, "साहेब, मी कधी खोटं तिकीट फाडलं न्हाई. तोंडानं कसं फाडू?" शेवटी तडजोड झाली: "वेल जागेवर आहे." हे खोटं नाही. मुळं जागेवरच आहेत.

४ एप्रिल

केवळाचा निरोप: बुडाशी पालापाचोळा घाला, त्यावर शेणखत टाका आणि पाणी थोडं थोडं द्या, धसमुसळेपणा नको. कापलेल्या वेलाला नेमकं हेच लागतं, असं नंतर कृषी खात्यातल्या एका ओळखीच्यानेही सांगितलं. इतक्या लांब बसलेल्या बाईला हे कसं सुचलं असेल? योगायोग मोठा अजब असतो.

सोबत ज्वारीच्या पापड्याही होत्या आणि एक प्रश्न: "रोडावलाय का?" मी सांगितलं, रोडावला होता, पण आता सावरतोय. मलप्पा म्हणाला, "त्या वेलाचं विचारायल्यात का तुमचं?" मी म्हणालो, अर्थातच वेलाचं. वेलाचं सोडून ती दुसरं काय विचारते?

१२ एप्रिल

फुटला! खोडाच्या बुडातून तांबूस कोंब, एक नाही, चांगले पाच-सहा. मी बनियनवरच सरजाबाईला हाक मारली. ती म्हणाली, "मला कालच दिसले." मग आधी सांगितलं का नाही? "तुमीच बघावं म्हणून." बाईमाणसाचं डोकं मला कधी कळलं नाही.

आता अंघोळ दोन तांब्यांत उरकतो आणि तोंड धुतलेलं पाणीसुद्धा वेलालाच घालतो. सकाळची ओल पुन्हा दिसू लागली आहे. मातीने मनावर घेतलं म्हणायचं.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत निळा फेटा बांधून शेवटपर्यंत चाललो. दरवर्षी फेटा केवळा बांधते. यंदा मी बांधला आणि चौकापर्यंत तीनदा सुटला.

२८ एप्रिल

सव्वा महिना होऊन गेला. केवळा आली नाही. आज मलप्पा आला तेव्हा मी आधीच पायरीवर बसलो होतो.

वेल खिडकीच्या कडेपर्यंत पोचला आहे. सुतळ्या बांधून दिल्या. पानं अशी टवटवीत की हात फिरवावासा वाटतो आणि फिरवतोही. पण कळीचा पत्ता नाही. आणेवारी काढायची म्हटलं तर पानाची सोळा आणे आणि फुलाची शून्य.

मलप्पा म्हणाला, "वेल वाढतोय ते सांगतो. आणि काय?"

"घर नीट आहे म्हणावं. भांडी घासतो. भाकरी गोल होते, जवळजवळ."

"ते सांगतो. आणिक?"

तो पायरीवर टेकला. मी म्हणालो, गाडीला उशीर होईल तुझ्या. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमी गिरदावर कसे झाला?" मला प्रश्नाचा रोख कळला नाही. परीक्षा देऊन झालो, म्हणून सांगितलं.

६ मे

नरसिंगराव स्वतः आले. नातीचा फोटो घेऊन आले. नाक शकूसारखं आहे, म्हणजे केवळासारखं. फोटो मी ठेवून घेतला.

दारात उभं राहून ते म्हणाले, "मामा, वेल लहान दिसतोय." मी म्हणालो, छाटणी केली. ते म्हणाले, "फूल?" मी म्हणालो, येईल. तेव्हा ते समजुतीने म्हणाले, "मामा, इथं पाण्यासाठी या वयात किती हाल काढायचे? मामी तिथं खूश आहेत. बुद्ध पौर्णिमेपर्यंत बघा. नाहीतर मी ट्रक घेऊन येतो, सामान नेऊ." वाईट बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. मामी तिथं खूश आहेत.

११ मे

आज एक लाजिरवाणी गोष्ट केली. सरकारी विश्रामगृहाच्या फाटकावर मधुमालती नुसती लदबदली आहे. तिथल्या माळ्याला विचारून एक झुबका आणला आणि दोऱ्याने आपल्या वेलाला बांधला. लांबून अगदी खरा वाटतो. उद्या मलप्पाला दाखवायचा आणि निरोप द्यायचा, एवढंच. चहा प्यायला बसलो आणि दर दोन मिनिटांनी बाहेर जाऊन बघत होतो, कोणी बघतंय का. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१२ मे

पांढरी फुलं गुलाबी झाली नाहीत, नुसतीच मान टाकून लोंबली. मलप्पा यायच्या आधी दोरा सोडला. माझ्या आणेवारीवर कमी-जास्त बोट ठेवलं असेल लोकांनी, पण बांधून आणलेलं पीक मी कधी दाखवलं नाही. आणि केवळा येऊन पहिला हात त्या दोऱ्यालाच लावणार होती.

मलप्पाला म्हणालो, "फूल नाही. तसंच सांग."

१९ मे

फूल नाही. कळीही नाही. पाऊस पडल्याशिवाय येणार नाही, हे आता माझं मीच मान्य केलं.

दोन दिवस घरात बसून विचार केला. घर चांगलं आहे, माझं आहे, भिंती माझ्या हाताच्या आहेत. पण संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसलो की शेजारची खुर्ची रिकामी. भाकरी गोल झाली तरी दाखवायची कुणाला? काल मी चुकून दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायलो आणि रात्रभर जागा राहिलो.

ठरलं. ट्रकची वाट बघायची नाही. उद्या मीच जातो आणि सांगतो की वेल मी कापला, फूल आलं नाही, बोलीप्रमाणे मी हजर आहे. किल्ली सरजाबाईकडे दिली, वेलाला पाणी घाल म्हणालो. ती म्हणाली, "ते काय मला नवीन हाय?" म्हणजे काय, कोण जाणे. मग म्हणाली, "गिरदावरसाहेब, तिथं जाऊन वेलाचंच बोलू नका."

२० मे, नांदेड

गाडी मलप्पाचीच होती. तिकीट देताना तो म्हणाला, "आज निरोप तुमीच घेऊन जायलात. बरं झालं." लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्याने मला चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत.

भाषण मी अहमदपूरपासून मनात घोकत होतो. शकूच्या दारात पोचलो. नात केवळाच्या मांडीवर. नरसिंगराव, शकू आणि शेजारच्या दोन बाया व्हरांड्यात. केवळा उठली नाही. "आलात?" म्हणाली. पूर्वीपेक्षा गोरी दिसत होती, की मीच बरेच दिवसांनी बघत होतो, माहीत नाही.

मी सुरुवात बरोबर केली. "वेल मी कापला, सव्वीस मार्चला. चूक माझी. फूल आलं नाही. बोलीप्रमाणे—"

"म्हाईत हाय," केवळा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"कापला ते. पुढं बोला."

पुढचं भाषण पार विसरलो. नरसिंगराव बघतायत, शेजारणी बघतायत, नात सुद्धा बघतेय. बोलीप्रमाणे इकडेच राहायला आलो, असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. "केवळा, मला तिथं करमत नाही गं तुझ्याशिवाय. घर खायला उठतं. फूल नाही आलं, पण तू चल. पाणी मी भरीन. चल ना."

 तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात असलं काही मी बोललो असेन असं आठवत नाही, तेही चार लोकांत. शकूने तोंड फिरवलं. केवळाने नातीला तिच्या हातात दिलं आणि आत गेली. मला वाटलं, झालं, रागावली. मी नरसिंगरावांना म्हणालो, माझं सामान कुठे ठेवू?

तेवढ्यात ती बाहेर आली. हातात पिशवी, पायात चपला, डोक्यावर पदर. डोळे पुसलेले दिसत होते. मी म्हणालो, "इतक्यात आवरलंस?" शकू म्हणाली, "आप्पा, सव्वा महिना झाला त्याच दिवशी भरून ठेवलीय पिशवी तिनं. तेव्हापासनं दाराआड तशीच हाय."

आता हे मलप्पाच्या परतीच्या गाडीत बसून लिहितोय, अक्षर हलतंय. केवळा खिडकीशी बसली आहे आणि मधूनमधून माझ्याकडे बघून हसतेय. पिशवी जर तेव्हाच भरली होती, तर इतके दिवस ती थांबली कशासाठी? फुलासाठी म्हणावं, तर फूल न बघताच निघाली. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आता कळून काय करताव? सरका जरा, मला वारा लागू द्या," आणि माझा हात हातात घेऊन बसली.